गेम अडखळतोय? ड्रायव्हर उडवण्याआधी हे तपासा

गेम अडखळायला लागला की पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जातो आणि लगेच नवा ड्रायव्हर टाकला जातो. आधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका आणि गेम चालू असताना चार आकडे स्क्रीनवर दिसतील असं करा: ग्राफिक्स कार्डचा वापर, तापमान, क्लॉक (कार्ड चालण्याचा वेग) आणि फ्रेमटाइम.

फ्रेमटाइम म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला लागलेला वेळ. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. सरासरी ६० दिसत असली तरी मधेच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद खात असेल, तर डोळ्याला झटका बसतोच. म्हणून सरासरीकडे कमी आणि आलेखातल्या सुळक्यांकडे जास्त लक्ष द्या.

मग व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनशी जुळवणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा, गेममधल्या एका गर्दीच्या जागी उभे राहा आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगलेच वाढले, तर कार्ड कमी पडतंय. सावल्या आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं जड गणित) यांच्या सेटिंग आधी कमी करा. एफपीएस तेवढेच राहिले आणि कार्डचा वापर ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. मग ड्रायव्हर कितीही बदलला तरी फरक पडायचा नाही.

रॅमची एकच पट्टी असेल तर ती आधी बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम चालत असेल, तर ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्यांनी पडणारा फरक लगेच दिसतो, कारण ते ग्राफिक्स रॅमचीच बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) वापरतं. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही ना, कार्डलाच आहे ना, हेही बघा. लॅपटॉप चार्जरवर हवा.

तापमान चढल्याबरोबर क्लॉक घसरत असेल, तर दोष उष्णतेचा आहे. पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवा. मे महिन्यात बंद खोलीत खेळताना हा त्रास वाढणारच.

ड्रायव्हरवरचा संशय खरा कधी? स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, किंवा अपडेटच्या दुसऱ्याच दिवसापासून त्रास सुरू होतो, तेव्हा. विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. कार्डाने ठरलेल्या वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा चालू करतं, त्याची ही खूण.

डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करून, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणून, बघा. तेवढ्यानं भागलं नाही, तर डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) साफ करा. हवा तो ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा. मग इंटरनेट तोडा, नाहीतर साफसफाई झाल्या झाल्या विंडोज अपडेट स्वतःचाच ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोडमध्ये जा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर इथे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून घ्या. डीडीयूत ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ निवडा, ड्रायव्हर बसवा, मगच नेट जोडा.

त्यानंतरची पहिली १५-२० मिनिटं गेम अडखळला तर घाबरू नका. शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) पुन्हा तयार होत असतात, जुना साठा ड्रायव्हरसोबत गेलेला असतो. त्याच जागी दुसऱ्यांदा जाऊन फ्रेमटाइम बघा, मगच मत बनवा.

एवढं करूनही ४१०१ येतच राहिला, तर ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग) आणि अंडरव्होल्ट (कमी केलेलं व्होल्टेज) पूर्ण काढा. कार्डाला ८ पिनचे दोन सॉकेट असतील, तर पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र केबल घ्या. एकाच केबलची दोन टोकं वापरू नका.