ड्रायव्हरमध्ये रिसेट लिहिताना या चुका टाळा: आपलं काम किती, कोअरचं किती

चोपड्याजवळच्या एका केळीच्या मळ्यात आम्ही ड्रिपचा कंट्रोलर बसवलेला, लिनक्सवाला बोर्ड, इथरनेटवर व्हॉल्व्हचं युनिट आणि यूएसबीला फोरजी डोंगल. मे महिना. मळेवाल्या काकांचा रोज फोन यायचा, "भाऊ, रोज दुपारले हाई बंद पडी जास." आम्ही उन्हाला दोष दिला, पेटीला पंखा लावला, तरी तेच. शेवटी लॅपटॉप घेऊन लिंबाखाली बसलो तेव्हा लॉगमध्ये दिसलं: आधी डोंगल हँग, मग आमच्या ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) चिपमधल्या यूएसबीच्या भागाला, म्हणजे ब्लॉकला मारलेला रिसेट, आणि पाच-सहा सेकंदांनी इथरनेटचा "ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट", म्हणजे पाठवायचा डेटा अडकून पडलेला. त्या चिपमध्ये दोन्ही ब्लॉकला रिसेटची लाइन एकच होती, आणि आमच्या कोडने रजिस्टर (हार्डवेअरला हुकूम द्यायची चिपमधली जागा) थेट मॅप करून त्यात बिट लिहिलेला, म्हणजे इथरनेटचा ड्रायव्हर काम करतोय आणि त्याच्या पायाखालचं हार्डवेअरच कोरं झालंय, त्याला कोणी सांगितलंच नाही.

शेतात मोटर अडकली तर आपण आपल्या स्टार्टरचं लाल बटण दाबतो, डीपीचा फ्यूज काढत नाही, कारण त्या डीपीवर अख्ख्या शिवाराच्या मोटरी असतात. डीपीला हात वायरमननेच लावायचा. ड्रायव्हरचं आणि कर्नल कोअरचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या सगळ्या ड्रायव्हरांसाठीच्या सामायिक कोडचं, नातं हेच आहे.

तर पहिली चूक, रजिस्टरला थेट हात. लिनक्समध्ये 2013 पासून, म्हणजे 3.10 व्हर्जनपासून रिसेट कंट्रोलर फ्रेमवर्क आहे, लाइन त्याच्याकडूनच मागायची. एक्सक्लुझिव्ह (फक्त आपल्यासाठी) मागितली आणि ती आधीच कोणाकडे असली तर बिझी एरर येतो, मग बरेच जण फक्त एरर घालवायला शेअर्ड (सामायिक) लिहून मोकळे होतात. हे फार महागात पडतं. शेअर्डमध्ये कोअर मोजणी ठेवतं, वापरणाऱ्या सगळ्यांनी सोडल्याशिवाय लाइन खरोखर रिसेटमध्ये जातच नाही, म्हणजे तुमचा असर्टचा (लाइन रिसेटमध्ये टाकायचा) कॉल यशस्वी परत आला तरी हार्डवेअर जसंच्या तसं असू शकतं. हार्डवेअर कोरं होणं गरजेचंच असेल तर ब्लॉकचा स्वतःचा सॉफ्ट रिसेट बिट आहे का ते डेटाशीटमध्ये बघा.

पीसीआय एक्सप्रेसवाल्यांची (स्लॉटमध्ये बसणारी कार्डं) चूक वेगळी, फंक्शन लेव्हल रिसेटचा (कार्डाच्या फक्त एका फंक्शनचा रिसेट) बिट स्वतःच लिहितात, 10 मिलिसेकंद थांबतात आणि रजिस्टर वाचलं की सगळे एफ येतात (म्हणजे डिव्हाइसकडून उत्तरच नाही), मग कार्ड मेलं म्हणून बदलून टाकतात. अहो, स्पेकमध्ये 100 मिलिसेकंद थांबायचं आहे, आणि त्यानंतरही डिव्हाइस तयार नसेल तर लिनक्सचं कोअर मिनिटभरापर्यंत परत परत विचारत राहतं. शिवाय रिसेटने बेस अ‍ॅड्रेस, इंटरप्टची (डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेली हाक) सेटिंग, बस मास्टरचा (डिव्हाइसला स्वतः मेमरीत जाऊ देणारा) बिट सगळं पुसलं जातं, कोअर ते आधी सेव्ह करून नंतर परत लिहितं. वरच्या ब्रिजवरून बस रिसेट केला तर त्याच्याखालची सगळी डिव्हाइस जातात, तो निर्णय एकट्या ड्रायव्हरने घ्यायचाच नाही. आपण कोअरला सांगायचं, ते आपल्याला रिसेट प्रिपेअर आणि रिसेट डन असे दोन कॉलबॅक (आपण लिहायची, कोअरने बोलवायची फंक्शन) देतं. प्रिपेअरमध्ये क्यू थांबवा, डीएमए (डिव्हाइसचं थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) बंद करा, चालू इंटरप्ट संपू द्या. डनमध्ये रिंग (मेमरीतल्या डेटाच्या रांगा) परत उभ्या करा, फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) लोड करा, कारण रिंग कुठे आहे, फर्मवेअर कोणतं, हे कोअरला माहीत नसतं. ते काम आपलंच.

यूएसबीतही तसंच आहे, प्री रिसेट आणि पोस्ट रिसेट लिहिले नाहीत तर कोअर ड्रायव्हर काढून परत जोडतं आणि लोक विचारतात की डिव्हाइस मध्येच गायब का झालं.

आता लॉकचं (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप), यात माझे दोन दिवस गेले. टाइमआउटचा कॉलबॅक टायमरमधून येतो, तिथे झोपता (वाट बघत थांबता) येत नाही, म्हणून रिसेटचं काम वर्कक्यूमध्ये (कर्नलची मागे चालणारी कामांची रांग) टाकायचं, इथपर्यंत बरोबर. पण ते वर्क रिसेट मागताना डिव्हाइसचा लॉक घेतं, आणि ड्रायव्हर काढताना रिमूव्ह फंक्शन तोच लॉक हातात असताना "वर्क संपेपर्यंत थांब" म्हणतं. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, मोड्यूल निघता निघत नाही. अशा जागी लॉकसाठी न थांबणारं ट्राय व्हर्जन वापरा, नाही मिळाला लॉक तर सोडून द्या.

आमच्या बोर्डवर शेवटी ते थेट लिहिणं काढून टाकलं आणि डोंगल हँग झालं की यूएसबी कोअरकडून फक्त तेवढ्या डिव्हाइसचा रिसेट मागतो. तुमच्याकडे तपासायचं असेल तर शेजारच्या डिव्हाइसवर पिंग चालू ठेवा आणि आपल्या डिव्हाइसला शंभर वेळा रिसेट मारा, पीसीआय असेल तर सिसएफएसमधल्या (लिनक्सचं /sys फोल्डर) रिसेट नावाच्या फाइलमध्ये 1 लिहिलं की झालं. पिंग एकदाही तुटला तर लाइन कोणाकोणाची आहे ते सर्किटच्या नकाशात शोधायला लागा.