पहाटे लेन्सवर साचणारं बाष्प: माझा अनुभव

पहाटेची सफारी, समोर हरणाची जोडी, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं दूध. मला वाटलं बाहेर धुकं पडलंय. मान वर केली तर सगळं लख्ख. धुकं होतं ते माझ्या लेन्सवर. शर्टाच्या टोकाने पुसलं (हा गाढवपणा, धूळ काचेवर घासली जाते), दोन सेकंदांत पुन्हा तेच. हरणं गेली निघून.

कारण साधं निघालं. कॅमेरा रात्रभर एसीच्या खोलीत गार पडलेला, बाहेरची हवा उबदार आणि दमट. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तसंच हे. काच गरम होईपर्यंत कितीही पुसा, उपयोग नाही.

आता कॅमेरा रात्री एसीच्या झोतापासून लांब, बॅगेत, चेन बंद. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी ती बॅग तशीच बाहेर नेऊन ठेवतो. उघडायची नाही! बंद बॅगेत दमट हवा पटकन शिरत नाही आणि काच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते. मोठ्या टेलिफोटोला (लांबचं जवळ आणून टिपणारी लेन्स) जास्त वेळ द्यावा लागतो. बाष्प असताना लेन्स बदलू नका, नाहीतर ते आतल्या सेन्सरवरही (फोटो टिपणारा भाग) बसतं.

बर्फाळ ठिकाणी उलटं. बाहेरून उबदार खोलीत शिरण्याआधीच कॅमेरा हवाबंद प्लास्टिक पिशवीत टाकायचा. मेमरी कार्ड मात्र त्याआधी काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते. मी उघडली आहे.