सुट्टीसाठी घर भाड्याने देण्यापूर्वी नियम कसे तपासावेत

सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना घर थोड्या दिवसांसाठी द्यायचे असेल, तर जाहिरात टाकण्याआधी स्थानिक प्रशासनाचे नियम मूळ कागदपत्रांतूनच वाचावेत, कारण ते शहरागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी लागते, मालकाला त्या काळात त्याच घरात राहावे लागते आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे ठेवता येत नाहीत. लंडनमध्ये मात्र संपूर्ण घर एका कॅलेंडर वर्षात 90 रात्रींपर्यंत वेगळ्या नियोजन परवानगीविना देता येते.

रात्रींच्या मर्यादेतच बहुतेकांची गफलत होते. ही मर्यादा घराला लागू असते, संकेतस्थळाला नव्हे; त्यामुळे एका संकेतस्थळावरून 60 आणि दुसऱ्यावरून 40 रात्री दिल्या, तर एकूण 100 रात्री भरतात आणि लंडनचा नियम मोडतो. म्हणून सर्व आरक्षणांची नोंद तारखेनिशी एकाच वहीत ठेवावी.

प्रशासनाची परवानगी मिळाली तरी सोसायटीचे उपविधी, गृहकर्जाच्या अटी आणि आपण स्वतः भाडेकरू असल्यास मूळ भाडेकरार आड येऊ शकतो. विम्याकडे तर विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन: साध्या गृहविम्यात पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांमुळे झालेले नुकसान अनेकदा वगळलेले असते, तेव्हा विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा. कर आणि अग्निसुरक्षेच्या अटीही त्याच वेळी तपासाव्यात. नियम बदलत राहतात. बार्सिलोनाने 2028 पर्यंत पर्यटक सदनिकांचे परवाने संपुष्टात आणण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे नूतनीकरणाच्या प्रत्येक वेळी ही तपासणी नव्याने करावी.