लिथियम बॅटरी घेताय? या चुका टाळा

"दादा, दीडशे एएचची केवढ्याला?" ठाण्यातून असो की नवी मुंबईतून, फोन असाच सुरू होतो. घरात काय चालवायचंय, इन्व्हर्टर किती व्होल्टचा, छतावर पॅनेल किती, याबद्दल अवाक्षर नाही. अहो, एएच (अँपिअर-अवर) हा अर्धाच आकडा आहे. त्याला व्होल्टने गुणा, हजाराने भागा, की युनिट मिळाले. १२.८ व्होल्टची १०० एएच म्हणजे सव्वा युनिट आणि ५१.२ व्होल्टची १०० एएच म्हणजे पाच युनिट. भाव विचारायचा तो युनिटचा.

तेही बेताने घ्या. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाण्याची लाइट गेली, तो दिवस धरून लोक पंधरा युनिट मागतात. एरवी जाते ती तास-दोन तास. चार पंखे, दिवे, वायफाय आणि फ्रिज एवढ्यावर पाच युनिट आरामात रात्र काढतात.

बीएमएसचे अँपिअर न बघणं

पॅकच्या आत सेलची राखण करणारा बोर्ड असतो, तो बीएमएस. तो ५० अँपिअरचा असेल तर ५१.२ व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम अडीच किलोवॅट निघणार, मग इन्व्हर्टर पाच किलोवॅटचा का असेना. रो-हाऊसमध्ये एक एचपीचा पंप असतो. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्याच वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला की बीएमएस हात वर करतो. घर अंधारात आणि बॅटरी ९० टक्के भरलेली! मग मला फोन, "माल खराब दिलात." माल उत्तम आहे, लेबल वाचलं नाहीत. सलग किती अँपिअर आणि क्षणभराच्या जोराला (पीकला) किती, तेही किती सेकंद, दोन्ही बघा. मी तर पंप बॅकअपच्या लाइनवर घेतच नाही. टाकी भरलेली असते, कुणी तहानेने मरत नाही.

निघताना मेन स्विच पाडणं

हे दर गणपतीत होतं. कोपरखैरण्याचे एक काका सहकुटुंब कोकणात गेले. जाताना शहाण्या माणसासारखा मेन पाडला, सोलरचा आयसोलेटरही (पॅनेलची लाइन तोडणारा स्विच) बंद केला. इन्व्हर्टर मात्र चालूच राहिला, कारण "त्याला काय होतंय?" हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि मेनची लाइट तिन्ही सांभाळणारा) काही न चालवताही ५० वॅटच्या आसपास खातो. हिशोब करा, पाच युनिट चार दिवसांत फस्त. मग बीएमएसने सेल वाचवायला बॅटरी तोडली. काका विसर्जन करून परतले, मेन चालू केला, तर स्क्रीनवर बॅटरीच नाही. इन्व्हर्टरला बॅटरीचे व्होल्ट दिसल्याशिवाय तो चार्जिंग सुरू करेना आणि चार्जिंग मिळाल्याशिवाय बॅटरी उठेना.

विकणाऱ्याच्या माणसाने मल्टिमीटर लावला, शून्य वाचलं आणि "सेल गेले, नवीन घ्या" म्हणून मोकळा झाला. काका माझ्याकडे आले ते नवीन बॅटरीचा भाव विचारायला. मी जाऊन टर्मिनलला लिथियमचा चार्जर लावला, पाच अँपिअरवर. थोड्या वेळाने पॅकचे दिवे लागले, चार्जर काढला तरी व्होल्ट टिकले. काकू चहा ठेवत होत्या, तो उकळायच्या आत काम झालं. मात्र बॅटरी अशीच महिनोन्‌महिने पडली असती तर सेल खरंच गेले असते, कारण बीएमएस स्वतःही थोडं खातच असतो. आणि पॅक फोडून थेट सेलला वायर लावून 'जागं करणारे' महाभाग असतात, त्यांना घरात घेऊ नका.

माझी सवय सांगतो. गावाला जाताना बॅटरी साठ टक्क्यांवर आणायची, आधी इन्व्हर्टर बंद, मग बॅटरीचा ब्रेकर बंद.

ट्युब्युलर काढली, लिथियम ठेवली, झालं

नाही झालं. जुना इन्व्हर्टर ट्युब्युलरच्या, म्हणजे पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या, सेटिंगवर असेल तर मधूनच इक्वलायझेशनला (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जादा चार्जिंग) १५ व्होल्टच्या वर जातो. चार सेलच्या, म्हणजे १२.८ व्होल्टच्या, लिथियमला १४.६ ही शेवटची रेघ, त्यावर बीएमएस तोडतो. मी १४.२च ठेवतो. शेवटच्या दोन टक्क्यांसाठी सेल ताणण्यात मला रस नाही. इन्व्हर्टरवर चार्ज दाखवणाऱ्या कांड्यांवरही जाऊ नका. लिथियमचे व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतात, त्यामुळे कांड्या भरलेल्या दिसतात आणि अचानक अंधार होतो. दोन्ही जातीच्या बॅटऱ्या पॅरलल जोडायचा विचार असेल तर मला बोलावू नका.

बाकीच्या

बॅटरीकडे एसीचा एमसीबी लावू नका. डीसीचा आर्क (स्विच तुटताना पडणारी ठिणगी) सहजासहजी विझत नाही. डीसीचाच ब्रेकर आणि फ्यूज, पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

पश्चिमेच्या बाल्कनीत, ग्रिलमध्ये बॅटरी नको. ऊन बॅटरीचं आयुष्य खातं. जिन्यात तर नाहीच.

ऐरोली-वाशीला खाडीची हवा आहे. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा आणि पावसाळ्यानंतर नट एकदा आवळा.

सरकारच्या सूर्यघर सोलर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हणून ऑन-ग्रिड (बॅटरीविना थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) सिस्टिम बसवली आणि लाइट गेल्यावर तीही बंद पडली, तर ती बिघडलेली नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून तिने बंद पडायचंच असतं. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर हे आधीच ठरवा.

आणि निम्म्या किमतीचे पॅक. गाड्यांतून काढलेले वापरलेले सेल नव्या पत्र्याच्या पेटीत भरून विकतात. यूट्यूब बघून घाईने मागवणारे बहुतेक यातच फसतात. पाच युनिटचा पॅक घेतलात तर पूर्ण भरा, हजार वॅटचा हॅलोजन लावा आणि घड्याळ बघा. साडेचार तासांच्या आसपास चालला तर ठीक. तिसऱ्या तासालाच विझला तर त्याच दिवशी पॅक दुकानात परत, खोक्यासकट.