मेलेल्या स्पेस स्टेशनमध्ये कसं शिरायचं

असलं काम करायचं असेल तर साल्युत ७ कडून शिका. १९८५ च्या फेब्रुवारीत हे सोवियत स्टेशन बंद पडलं, आत माणूस नव्हता, रेडिओ गप्प, आणि जूनमध्ये व्लादिमिर जानिबेकोव आणि विक्टर साविनिख हे अंतराळवीर सोयुझ टी-१३ हे यान घेऊन तिथे गेले न् ते परत जिवंत केलं.

स्टेशन सिग्नल देत नाही म्हणजे ऑटोमॅटिक डॉकिंग (यान आपोआप स्टेशनला जोडणं) विसरायचं, खिडकीतून बघत हातातल्या लेझर रेंजफाइंडरने अंतर मोजत हळूहळू जायचं. जवळ जाताना सोलर पॅनल बघा, वेगवेगळ्या दिशेला वळलेली दिसली तर समजायचं आत वीज नाहीये.

हॅच म्हणजे स्टेशनचं दार उघडायच्या आधी आतली हवा तपासा, घाई नको. आत टॉर्चच्या उजेडात भिंतींवर हिम चमकतं आणि पंखे बंद असल्यामुळे अशी शांतता असते की अंगावर काटा येतो, हे दोघं लोकरी टोप्या घालून काम करत होते आणि थंडी किती हे बघायला थुंकले तर थुंकी गोठली! पंखे नाहीत म्हणून आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो, डोकं दुखायला लागलं की लगेच जागा बदला.

मग बॅटऱ्या. आठातल्या दोन कामातून गेल्या होत्या, उरलेल्या त्यांनी वायरी जोडून थेट सोलर पॅनलला लावल्या आणि सोयुझच्या इंजिनांनी सगळं स्टेशन सूर्याकडे वळवलं. चार्ज होईपर्यंत बाकी काही चालू करू नका. आणि ऊब आली की हिम वितळून पाणी वायरींवर बसतं, ते कापडाने टिपत राहा, कपडे फाडावे लागले तरी चालेल.