मेंदूची आकृती पाठ होत नसेल तर आधी दोन खाचा काढा
मेंदूची आकृती समोर आली की बरेचजण थेट नावं घोकायला बसतात, मग दोन दिवसांनी परायटल भाग कुठला न् टेम्पोरल भाग कुठला सगळं एकत्र होतं. त्यापेक्षा कोरा कागद घ्या आणि स्वतः काढा, चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालतं.

डोकं बाजूने बघतोय, चेहरा डावीकडे, असं धरा. मोठा मेंदू बाजूने बॉक्सिंग ग्लोव्हसारखा दिसतो, अंगठा पुढच्या बाजूला. अंगठ्याच्या वरची आडवी खाच म्हणजे लॅटरल सल्कस (सल्कस म्हणजे खाच). दुसरी खाच माथ्याच्या साधारण मधून निघते आणि तिरकी पुढे खाली येते, ती सेंट्रल सल्कस. आता नावं टाका: सेंट्रलच्या पुढे फ्रंटल लोब (लोब म्हणजे मेंदूचा मोठा भाग), मागे परायटल, अंगठा म्हणजे टेम्पोरल, आणि एकदम मागे ऑक्सिपिटल, जिथे डोळ्यांनी बघितलेलं पोचतं.

सेंट्रल सल्कसवर जरा थांबाच, कारण तिच्या लगेच पुढची पट्टी हालचाल करवते आणि लगेच मागची स्पर्श ओळखते, तेही उलट्या बाजूचं, म्हणजे डावा मेंदू उजवा हात हलवतो. बोलण्याच्या दोन जागा पण खुणेने दाखवा, बहुतेक लोकांत त्या डावीकडेच असतात. फ्रंटलमध्ये खालच्या बाजूला ब्रोकाची जागा (पॉल ब्रोका या डॉक्टरने १८६१ मध्ये दाखवलेली), तिथे इजा झाली तर समोरच्याचं बरंचसं कळतं पण शब्द बाहेर पडत नाहीत. टेम्पोरलच्या वर मागे वर्निकेची जागा (कार्ल वर्निके या डॉक्टरने १८७४ मध्ये दाखवलेली), तिथलं बिघडलं तर माणूस भरभर बोलतो पण त्याच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. मला हा फरक फार विलक्षण वाटतो, आणि एकदा समजला की जागा विसरणं अवघड आहे.

खाली मागे लहान मेंदू काढा, तोल आणि हालचालीतला नेमकेपणा त्याचं काम. आकाराने लहान, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त न्यूरॉन्स (चेतापेशी) त्याच्यातच आहेत. त्याच्या पुढे ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ, त्यात वरून खाली मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला. श्वास आणि हृदयाचे ठोके इथून सांभाळले जातात म्हणून इथली छोटी इजाही जिवावर बेतते. हालचालीच्या बहुतेक नसतंतूंची बाजूही मेड्युलातच बदलते.

हिप्पोकॅम्पस या चित्रात दिसणार नाही, तो टेम्पोरलच्या आत असतो, नवीन आठवणी साठवायला तो लागतो.

दुसऱ्या दिवशी न बघता परत काढा आणि नावं विचारण्याऐवजी पेशंट विचारा. उजवा हात लुळा पडलाय, बोलणं समजतंय पण बोलता येत नाहीये, बोट कुठे ठेवाल? डावा फ्रंटल, सेंट्रल सल्कसच्या पुढे, खालच्या बाजूला.