सोमाली सोसायटीच्या अध्यक्षपदाची निवडणूक कशी लढवावी

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत सोमाली विद्यार्थ्यांची सोसायटी असते. आपल्या मराठी मंडळासारखंच तिचं स्वरूप: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर्षभराचे कार्यक्रम आणि वसंतात निवडणूक. तिथल्या उमेदवारांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि ‘पोस्टर झकास कर, इन्स्टाग्रामवर रोज दिस’ हा सल्ला आता ऐकवत नाही. पोस्टरवर मतं मिळत नाहीत.

अर्ज मुदतीच्या आत भरा, विद्यार्थी युनियनचे प्रचाराचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मग मतदार यादीकडे वळा. सहसा वर्गणी भरलेल्या सदस्यांनाच मत असतं. कार्यक्रमाला येऊन बारीस (भात) आणि सांबूस (समोसे) खाणारे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर बोलणारे कितीतरी जण सदस्य झालेलेच नसतात. सदस्य होण्याची शेवटची तारीख शोधा आणि त्याआधी प्रत्येकाला आठवण करा. पैसे मात्र ज्याचे त्याने भरावेत. तुम्ही भरलेत, तर मतं विकत घेतल्याची तक्रार होईल आणि ती रास्तही असेल.

तारखांचं भान ठेवा. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू होतो, २०२७ मध्ये त्याहूनही थोडा आधी. म्हणजे निवडणुकीचे दिवस बहुधा उपवासातच येणार. दुपारी स्टॉल लावून कोणाला थांबवू नका. इफ्तारला जा, वाढायला हात लावा, पण तिथे मत मागू नका. लोक दिवसभराचा उपवास सोडत असतात, त्यांना शांतपणे खाऊ द्या.

आता खरा अवघड टप्पा. इथे मी स्वतः सगळ्यात जास्त झगडले आहे. हा टप्पा म्हणजे माणसं जोडताना कबीला आणि झेंडा यांच्यात न अडकणं.

बाहेरच्याला सगळे सोमाली सारखेच वाटतात. पण त्या एका खोलीत कार्डिफच्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या खलाशांच्या घरातली मुलगी असते. १९८८ मध्ये उत्तरेतल्या हर्गेसा शहरावर बॉम्ब पडले तेव्हा निघालेल्या कुटुंबातला मुलगा असतो. १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बर्रेची राजवट कोसळल्यावर राजधानी मोगादिशू सोडलेल्यांची मुलं असतात. नेदरलँड्समध्ये वाढून लेस्टरला आलेले असतात, केनियातल्या गारिसाचे असतात. ब्रिटिशांच्या ताब्यातला सोमालीलँड २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि १ जुलैला इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेशी जोडला गेला. १८ मे १९९१ रोजी त्याने पुन्हा वेगळं होण्याची घोषणा केली. म्हणून एका घरात निळ्यावर पांढरा तारा असलेला सोमालियाचा झेंडा असतो, तर दुसऱ्या घरात सोमालीलँडचा हिरवा-पांढरा-लाल. या मुलांपैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा आहे, तरी घरातलं दुःख त्यांनी ऐकलेलं असतं. त्याची थट्टा करू नका आणि त्यावर भाषणही देऊ नका.

कोणाचाही कबीला विचारू नका. सोमाली घरांत वंशावळ तोंडपाठ करायची रीत आहे आणि वडीलधारी मंडळी ‘तू कोणाचा?’ असं सहज विचारतात. तो त्यांचा मान. उमेदवाराच्या तोंडी तोच प्रश्न म्हणजे मतांची मोजदाद. कोणी येऊन म्हणेल, ‘आमच्या लोकांची वीस मतं तुलाच.’ आभार माना आणि म्हणा, ‘त्यांना एकेकाला भेटायला आवडेल.’ गठ्ठा मतं घेऊ नका. ती देणारा वर्षभर हिशेब मागतो आणि उरलेल्या सदस्यांना ते कळतंच.

पण नुसतं गप्प राहून भागत नाही. तुमच्या पॅनेलमधली नावं लोक न विचारता वाचतात. चारही जण एकाच शाळेतले, एकाच गल्लीतले किंवा सगळी मुलंच असतील, तर ‘आम्ही सगळ्यांचे’ या वाक्याला अर्थ उरत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधीच पॅनेल जुळवा. माझा आग्रह एवढाच, की खजिनदार तुमच्या मित्रमंडळाच्या बाहेरचा असावा. पैसे परक्या माणसाच्या हाती दिले की लोक विश्वास ठेवतात. मुलींचा ग्रुप वेगळा असेल, तर तिथे निरोप पोचवण्यापुरती एखादी मैत्रीण धरू नका, तिला पदासाठी उभं करा.

झेंड्याचा प्रश्न येणारच. उत्तर आधी ठरवा, एका वाक्यात बसवा आणि सगळीकडे तेच द्या. मी सुचवते ते असं: ‘सोसायटीच्या स्टॉलवर कुठलाच झेंडा नसेल, पण कार्यक्रमात कोणी आपला आणला तर त्याला हटकणार नाही.’ काहींना ते पटणार नाही, चालेल. मात्र हर्गेसावाल्यांना एक आणि मोगादिशूवाल्यांना दुसरं सांगाल, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी फिरतील.

आणखी एक. ज्यांना सोमाली नीट बोलता येत नाही, त्यांच्या उच्चारांवर कधीही हसू नका. अशी मुलं पुष्कळ असतात. ती लाजून मागे बसतात, आणि त्यांना जवळ घेणारा उमेदवार सहसा निवडून येतो.

जाहीरनाम्यात तीनच गोष्टी लिहा, आणि तिन्ही खोली, तारीख, खर्च यांसकट: आठवड्याला सोमाली बोलण्याचा तास, पदवीधरांकडून नोकरीचं मार्गदर्शन, बायकांच्या बुरान्बुर काव्याची एक संध्याकाळ. ‘एकजूट घडवू’ असलं काही लिहू नका.

भाषण दोन मिनिटांचं, पाठ केलेलं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, वेळेत येत असेल तर आयोजकांना वेळ बदलायला सांगा.

मतदान पसंतीक्रमाने असेल, तर प्रतिस्पर्ध्याच्या मित्रांकडे दुसरी पसंती उघडपणे मागा. एकटेच उभे असाल तरी प्रचार करा. अनेक युनियनांत मतपत्रिकेवर ‘पुन्हा अर्ज मागवा’ हा पर्याय असतो आणि नाराज लोक तो निवडतात.

निवडून आलात तर परीक्षा सुरू व्हायच्या आत मावळत्या अध्यक्षाकडून खात्याचे हिशेब, पासवर्ड आणि सदस्यांची यादी हातात घ्या. नव्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातला सप्टेंबरचा स्टॉलही त्याच आठवड्यात नोंदवा.